एकपासून सुरू होणारी टेप

रक्तातली साखर तपासायला मी दर तीन महिन्यांनी जातो आणि दर तीन महिन्यांनी तीच मुलगी माझ्या दंडाला रबरी पट्टा बांधते. मुलगी हा शब्द माझ्या वयाच्या सवलतीतला आहे. ती तेहतीस वर्षांची असून तिचा हात इतका हलका आहे की सुई शिरली हे कळायला नळीत पाहावे लागते. त्या सकाळी मात्र तिला शीर सापडेना.

"काका, यंदाही हुकलं," माझ्या कोपरावर टिचक्या मारत ती म्हणाली. "त्रेचाळीस सेकंदांनी."

काय हुकले हे विचारण्याची गरज नव्हती. आमच्या गावात दर वर्षी दहा किलोमीटर धावण्याची शर्यत होते. यंदा ही मुलगी बायका-पुरुष सगळ्यांना मागे टाकून पहिली आली होती. वेळ छत्तीस मिनिटे अठ्ठावन्न सेकंद. मैदानाच्या फलकावरचा विक्रम छत्तीस मिनिटे पंधरा सेकंदांचा आहे. तो चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचा आहे आणि तो माझ्या दादाचा आहे. ज्याच्या भावामुळे आपण सहा वर्षे हरतो आहोत त्याच्याच हातात सुई टोचायची, आणि तरीही ती न दुखवता टोचायची, याला मी चारित्र्य म्हणतो.

"आणि तुम्हाला कळलं का? फलक नव्याने रंगवणार आहेत. बुटाला चकती बांधून वेळ मोजायला लागले ना, त्याच्या आधीचे सगळे विक्रम पुसणार. सचिवांनी नोटीस लावलीय. 'तुलनेस अपात्र' म्हणे."

"म्हणजे दादा..."

"म्हणजे मी. आपोआप." तिने सुई काढून कापूस दाबला. "मला नको असला पुसून मिळालेला. काका, तुम्ही मोजमापातले ना? तेव्हाचं आणि आत्ताचं एका काट्यावर घालून बघा ना एकदा. त्यांचं सरस निघालं तर राहू दे त्यांचंच. पण कळू तर दे. पुढच्या वर्षी गुडघा किती साथ देईल, मला नाही सांगता येत."

मी कोपर दुमडून धरले आणि होय म्हणालो. कोपर दुमडलेले असताना मनुष्याने कोणतेही वचन देऊ नये, हे मला आता कळते.

दादाला जाऊन चार वर्षे झाली. घरात त्याच्याविषयी बोलताना सगळे 'असायचा', 'म्हणायचा' असेच बोलतात, आणि ते योग्यच आहे. एकटा तो फलकच काय तो दादाला अजून पहिला मानत होता. भाजी आणायला जाताना मी मैदानावरून जातो. तो रस्ता तीनशे पावले लांबचा आहे. पत्नीला मी सांगितले आहे की तिकडची भाजी ताजी असते.

आणखी एक सांगून टाकतो. मी स्वतः कधी धावलो नाही. दादा सरावाला निघाला की मी सायकलवर त्याच्या मागे, खिशात घड्याळ आणि हँडलला पाण्याची बाटली. त्यामुळे दादा मला आठवतो तो नेहमी पाठमोरा. बनियनच्या मध्यभागी घामाचा एक लांबट डाग पडे आणि तो पुलापाशी पोहोचेपर्यंत कमरेला टेकलेला असे. लोकांना भावाचा चेहरा आठवतो; मला तो डाग आठवतो.

असो. मी तंत्रनिकेतनातून पहिल्या वर्गात पदविका घेतली आणि पुढे चौतीस वर्षे एका कारखान्याच्या मापन विभागात काढली. शतांश मिलिमीटरची चूक असलेले मापक मी निर्विकारपणे परत पाठवीत असे. कारखान्यात मला 'मायक्रोमीटर' म्हणत. ते कौतुकाने नव्हे, हे मला निवृत्तीच्या समारंभात कळले. अशा माणसाला वेगवेगळ्या वर्षांच्या वेळा एका काट्यावर घालणे म्हणजे हातचा मळ, अशी माझी समजूत होती.

"अहो," भिंतीवर मी आलेखाचा कागद चिकटवीत असताना पत्नी म्हणाली, "दादांची शर्यत संपली. तुमची आता कशाला सुरू?"

"ही शर्यत नाही. हे संख्याशास्त्र आहे."

"मग खिळे नका ठोकू. गेल्या संख्याशास्त्रात प्लास्टर गेलंय."

पहिली गरज जुन्या निकालांच्या नोंदवह्यांची होती. सेहेचाळीस शर्यती, सेहेचाळीस वह्या. त्या मैदानाच्या प्रेक्षागाराखालच्या कार्यालयात असतात आणि त्यांवर सचिवांचा ताबा असतो. सचिव हे अतिशय सज्जन गृहस्थ. त्यांनी कोणत्याही कामाला आजवर नकार दिलेला नाही आणि कोणतेही काम केलेले नाही. त्यांनी मला तीन प्रतींत भरायचा अर्ज दिला. त्यात 'अर्जदाराचा मागितलेल्या माहितीशी संबंध' असा रकाना होता. मी 'धाकटा भाऊ' असे लिहिले. सचिवांनी ते खोडून 'इतर' असे केले.

सोळा दिवसांनी कपाट उघडले. आत चव्वेचाळीसच वह्या निघाल्या.

"सातवं आणि आठवं वर्ष कुठे आहे?" मी विचारले.

सचिव म्हणाले, "असेल की. कुठे जातंय?"

ते कुठेही गेलेले नव्हते. पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा एक पाय आखूड असल्यामुळे ती दोन वर्षे त्याखाली उभी होती. मी वह्या ओढताच यंत्र कलले आणि सचिवांच्या मेजावरचे सगळे 'विचाराधीन' भिजले. मला घरी जाऊन दोन्ही वह्यांची जाडी मोजून, एकसष्ट पूर्णांक चार मिलिमीटर, तेवढ्याच जाडीचा लाकडी ठोकळा तासून आणावा लागला. सचिवांनी तो दोन दिवस ठेवून घेतला, कारण ठोकळा आवक नोंदवहीत कोणत्या सदराखाली घ्यावा याबद्दल शंका होती.

एव्हाना इमारतीत बातमी फुटली होती. तळमजल्यावर गणिताचे मास्तर राहतात. पाचव्या शर्यतीत ते एकोणपन्नास मिनिटे पन्नास सेकंदांत धावले होते आणि तेव्हापासून जगातली प्रत्येक गोष्ट ते 'पन्नाशीच्या आत' आणि 'पन्नाशीच्या बाहेर' अशी विभागतात. ते न बोलावता आले आणि माझ्या खुर्चीवर बसले.

"सरासरी काढू नका," ते म्हणाले. "तिसाव्या वर्षी कुठल्याशा कार्यालयाची दोनशे माणसं कापडी फलक धरून चालत आली होती. त्यांनी सगळ्या गावाची सरासरी बुडवलीय. मध्यक घ्या. मधला माणूस. मधला माणूस कधी खोटं बोलत नाही."

"तुम्ही कितवे आला होतात?"

"बरोबर मधला," मास्तर म्हणाले. "पण पन्नाशीच्या आत."

सल्ला योग्य होता, म्हणून अधिक बोचला. मी प्रत्येक वर्षाचा पहिला, दहावा, पन्नासावा आणि मधला अशा चार वेळा काढल्या. उन्हाचा हिशेब धरण्यासाठी कारखान्यातल्या जुन्या तापमानाच्या नोंदी मिळवल्या. वारा सोडून दिला. बुटांबद्दल दोन दिवस विचार केला. दादाचे बूट कापडी होते आणि उजव्याला आतून पुठ्ठा लावलेला होता. पुठ्ठ्यासाठी कोणता गुणक लावावा हे कोणत्याही ग्रंथात मला सापडले नाही.

आणि मग, तेविसाव्या दिवशी, भिंतीवरचा आलेख बोलू लागला.

पहिली अकरा वर्षे ठिपके खाली, म्हणजे वेगवान. बाराव्या वर्षी सगळे ठिपके एकदम वर उडी मारतात आणि पुन्हा कधीच खाली येत नाहीत. पहिला सुमारे साडेतीन टक्क्यांनी मंद, दहावा तेवढाच, पन्नासावा तेवढाच, मधलाही तेवढाच. जणू एका रात्रीत सगळ्या गावाच्या पायात शिसे भरले. मी तीनदा तपासले. मग खुर्चीत बसलो आणि भिंतीकडे पाहून, अंशतः दादाला उद्देशून, "बघितलंस?" असे म्हणालो. जुनी माणसे खरोखरच वेगवान होती! संख्याशास्त्राने सिद्ध!

इथे मी थांबायला हवे होते. पण मास्तरांनी आलेख पाहिला, आणि मास्तरांनी पाहिलेली गोष्ट पन्नाशीच्या आत गावभर होते. सकाळी मैदानावर फिरणाऱ्या ज्येष्ठांच्या गटाने 'साडेतीन टक्के' हा आपला जयघोष केला. औषधाच्या दुकानदाराने त्याचे कारण हवा असल्याचे सांगितले, शेजारच्या बाईंनी गाद्या, आणि मास्तरांनी गणकयंत्र. नातवंडांना दारातच ऐकवले जाऊ लागले, "आम्ही तुमच्यापेक्षा साडेतीन टक्के सरस!" एका आजोबांनी त्या जोरावर जिना चढण्याची पैज लावली आणि दोन दिवस ते झोपून होते, तरी झोपल्या झोपल्याही समाधानी होते. ज्येष्ठांच्या गटाने मला शाल द्यायचे ठरवले. स्वतः सचिव माझ्या घरी आले, हे त्यांच्या सेवेतले पहिलेच बाहेरचे काम असावे.

"तुमचा अभ्यास म्हणजे... वा! वरूनही विचारणा झाली. जुने विक्रम ठेवू आपण. दादांचं नाव सर्वांत वर, ठळक. फलकाच्या दिवशी तुम्ही पंधरा मिनिटं बोला."

रात्री जेवताना मी दोनदा हसलो. पत्नीने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

पण मापन विभागात चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला 'साडेतीन' हा आकडा खुपतो. साडेतीन म्हणजे किती? भाषणात नेमका आकडा द्यावा म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा बसलो. पहिल्याचे गुणोत्तर एक पूर्णांक शून्य तीन चार. मधल्याचे एक पूर्णांक शून्य तीन पाच. चारही मिळून एक पूर्णांक शून्य तीन चार पाच.

गर्दीत एखादा चेहरा दिसावा, कुठे पाहिला ते आठवू नये, तसे झाले. मी तो आकडा कागदावर एकटा लिहिला. मग त्याखाली लिहिले: तीस भागिले एकोणतीस.

तंत्रनिकेतनाच्या भांडारात तीस मीटरची एक पोलादी टेप होती. तिचा पहिला मीटर कधीकाळी एका मालमोटारीच्या चाकाखाली तुटला होता. टेप एकपासून सुरू होई. नवी टेप मागवण्याचा अर्ज विचाराधीन असल्यामुळे आमचे निदेशक प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी तीच ओळ पाठ करायला लावीत: 'तीस दिसले तर एकोणतीस लिहा.' भांडारातल्या टेपेवर कोणी चिठ्ठी लावलेली नव्हती. चिठ्ठीची गरज नव्हती, ती ओळ आमच्या हाडीमासी होती. आणि पदविका हातात पडल्यानंतर बाराव्या दिवशी, पहिल्या शर्यतीचा मार्ग मोजण्यासाठी, मी तीच टेप मागून आणली होती. माझी पहिली स्वतंत्र मोजणी. तीस दिसले, मी तीस लिहिले. जाताना-येताना मिळून तीनशे तेहतीस वेळा आणि वर थोडे.

बाराव्या वर्षी सुरुवातीची जागा हलली आणि नगरपालिकेच्या अभियंत्याने नव्या साधनांनी मार्ग पुन्हा मोजला. धावणारे जिथून माघारी फिरत ते वळणाचे पिंपही पुढे गेले. सुरुवातच हलल्यामुळे कोणाला त्यात वावगे वाटले नाही. गावाच्या पायात शिसे वगैरे काही भरले नव्हते. त्या वर्षीपासून गाव प्रथमच पूर्ण दहा किलोमीटर धावले होते.

आणि दुसरेही आठवले. मोजणीच्या दिवशी टेपेचे दुसरे टोक दादाने धरले होते. पुलाच्या अलीकडे त्याने टेपेकडे पाहत विचारले होते, "अरे, ही एकपासून का सुरू होते?" आणि मी, पहिल्या वर्गातला, वहीतून डोके वर न काढता म्हणालो होतो, "तुला त्यातलं काही कळत नाही. तू धाव."

तरीही एक आशा होती. गुणोत्तरे योगायोगानेही जुळतात. मी कारखान्यातल्या जुन्या सहकाऱ्याकडून मोजणीचे चाक आणले. ते काठीला लावलेले असते आणि फिरवत नेले की मीटर मोजते. सकाळी साडेसहाला, सुरुवातीच्या जुन्या जागेपासून, मी चाक घेऊन आणि पत्नी वही घेऊन निघालो. पहिला किलोमीटर निर्विघ्न पार पडला. मग दुकाने सुरू झाली.

न्हाव्याने चाक पाहिले आणि आपली लाकडी पायरी आत ओढली. त्याला पाहून शिंप्याने पाटी उतरवली. बघता बघता रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी फळ्या, छत्र्या आणि खुर्च्या आत जाऊ लागल्या.

"साहेब, किती आत घेणार?" न्हाव्याने विचारले. "आमचं तर भिंतीपर्यंतच आहे हो मुळात!"

"मी कोणाचंही काही घेत नाही. बाजूला व्हा, दोन हजार एकशे चाळीस, चाळीस..."

"आकडा लिहिला! बाई, तो आकडा खोडा!"

"रस्ता रुंद होतोय ना? खरं सांगा!"

पंचवीस-तीस माणसे जमली. एकाने तिथल्या तिथे निवेदन लिहिले आणि माझ्या शर्टाच्या खिशात कोंबले. चाक पुढे जाईना आणि मागे फिरवले तर मीटर वजा होतात. मी तांत्रिक खुलासा सुरू केला; त्याने परिस्थिती अधिक चिघळली. शेवटी पत्नी पुढे झाली.

"काही होत नाहीये," ती म्हणाली. "यांच्या भावाची शर्यत थोडी कमी पडलीय. ती कुठे कमी पडली ते शोधतोय."

न्हाव्याने माझ्याकडे पाहिले, मग पत्नीकडे, आणि अत्यंत हळुवारपणे म्हणाला, "जाऊ द्या हो त्यांना." संपूर्ण बाजाराने मला वाट करून दिली. इतकी सहानुभूती मला सेवाकाळात कधी मिळाली नव्हती.

जुन्या वळणाचे पिंप पंपघराच्या अलीकडे, तिसऱ्या दिव्याच्या खांबाशी असे. खांबापर्यंत चार हजार आठशे चौतीस मीटर भरले. जाऊन-येऊन नऊ हजार सहाशे अडुसष्ट. एकोणतिसाच्या हिशेबाने नऊ हजार सहाशे सदुसष्ट यायला हवे होते. एक मीटर चाकाच्या लहरीचा. मी खांबाला टेकून उभा राहिलो. चौतीस वर्षे शतांश मिलिमीटरसाठी माणसे रडवली, आणि माझ्या पहिल्याच मोजणीत किलोमीटरचा तिसरा हिस्सा गहाळ होता. दादाचे छत्तीस पंधरा म्हणजे खरे सदतीस तीस. ती मुलगी त्याच्यापेक्षा बत्तीस सेकंदांनी वेगवान होती.

"आता?" पत्नीने विचारले.

"आता वहिनींना सांगायला हवं. फलकाच्या आधी त्यांचा हक्क."

वहिनी आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. मी आलेख, चाकाचा आकडा आणि टेपेचा इतिहास, सारे क्रमाने सांगितले. वहिनींनी सगळे ऐकून घेतले, उठल्या आणि आतून दादाची सरावाची वही घेऊन आल्या. पुठ्ठा तेलकट, कोपरे गोल झालेले.

"हे बघा, भाऊजी."

दुसऱ्या शर्यतीच्या तारखेसमोर दादाच्या तिरक्या अक्षरात होते: '३६:१५. पहिला.' आणि त्याच्याखाली, बारीक: 'खरे ३७:३०. टेप एकपासून.'

मला बराच वेळ दुसरे काही दिसले नाही.

"त्याला माहीत होतं?"

"टोक त्यांनीच धरलं होतं ना. मी विचारलंही होतं, मग सांगत का नाही? म्हणाले, त्याची पहिली मोजणी आहे. राहू दे."

"पण वहिनी, त्याला चाळीस वर्षं लोक विक्रमवीर म्हणत होते."

"म्हणून तर फलकाखालून जायचं टाळायचे. घोटभर पाणी प्यायलाही मैदानात शिरत नसत. तुम्हाला काय वाटलं, तो नम्रपणा होता?" वहिनी थोडे हसल्या. "लाज वाटायची त्यांना. पण तुमची लाज जायला नको म्हणून ती सोसली."

मी भाजीसाठी तीनशे पावलांचा वळसा घालून तो फलक बघायला जात होतो. दादा तोच फलक चुकवायला वळसा घालीत होता. आम्ही दोघे भाऊ चाळीस वर्षे एकाच पाटीभोवती उलटसुलट फिरत होतो आणि कधी समोरासमोर आलो नाही.

फलकाच्या सभेला ज्येष्ठांचा गट पहिल्या दोन रांगांत धावण्याचे बूट घालून बसला होता. शाल खुर्चीवर घडी करून ठेवलेली. पंधरा मिनिटांचे भाषण मी चार वाक्यांत संपवले: टेप, चूक, आकडा, क्षमा. सभागृहात शेजारच्या कार्यालयातले पाणी थंड करणारे यंत्र ऐकू येऊ लागले. ते आता मुळीच कलत नव्हते.

मास्तर उठले. "म्हणजे माझं?"

"एक्कावन्न मिनिटं तेहतीस सेकंद."

मी तेही काढून ठेवले होते. मास्तर हळूहळू खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावरून सेहेचाळीसपैकी एकेचाळीस वर्षे उतरताना मी पाहिली.

"एवढं नेमकं सांगायची गरज होती?" मागून कोणी म्हणाले.

"साडेतीन टक्के तुम्हीच दिलेत, आणि तुम्हीच काढून घेता!" गटाचे प्रमुख ओरडले. "आता नातवंडांना काय तोंड दाखवायचं?"

सचिवांचा चेहरा मात्र उजळला होता. "म्हणजे मी म्हणत होतो तेच. जुन्या वेळा तुलनेस अपात्र."

"अपात्र नाहीत," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "त्या पळून काढलेल्या आहेत. घाम गाळून काढलेल्या. फक्त माझ्यामुळे चुकीच्या लिहिलेल्या आहेत. अकराही वर्षांच्या वेळांना तीसने गुणा, एकोणतीसने भागा आणि ठेवा सगळ्या. विक्रम या मुलीचा आहे, बत्तीस सेकंदांनी. पुसून नव्हे, धावून. आणि दुसऱ्या क्रमांकावर माझा दादा आहे."

शाल मिळाली नाही. ती घडी कोणीतरी हळूच पिशवीत घातली. मास्तरांनी माझ्याशी बोलणे सोडले; जिन्यात भेटले की ते घड्याळाकडे पाहतात.

तीन महिन्यांनी मी पुन्हा त्या खुर्चीत बसलो. तिला शीर पहिल्याच वेळी सापडली.

"खूश असशील," मी म्हणालो.

"खूश आहेच हो." ती नळी भरताना पाहत राहिली. "पण काका, सहा वर्षं मी पुलापाशी पोहोचले की मनात म्हणायचे, ते आत्ता तिथे असतील, पंपघराच्या पुढे. पाठ दिसायची मला त्यांची, खरंच. परवा सरावाला गेले तर रस्ता नुसता मोकळा. कुणी नाहीच पुढे." तिने कापूस दाबला. "तुम्हाला वाटेल, काय वेडी आहे."

मला तसे वाटले नाही. बनियनच्या मध्यभागी घामाचा एक डाग असे, एवढेच मी तिला सांगितले. कमरेपर्यंत यायचा. ती म्हणाली, "हो?" आणि पट्टा सोडायला विसरली. हात निळा पडेपर्यंत मलाही त्याची आठवण झाली नाही.

त्याच आठवड्यात वहिनी खाली आल्या. "भाऊजी, ते राहिलेलं अंतर कुठे आहे ते मला दाखवा."

सकाळी आम्ही तिघे रिक्षाने तिसऱ्या दिव्याच्या खांबाशी गेलो. खरे वळण तिथून एकशे सदुसष्ट मीटर पुढे, पंपघराच्या फाटकाशी यायला हवे होते. वहिनींच्या हातात दादाचे घड्याळ होते, तेच, जे मी सायकलवर खिशात ठेवीत असे. पत्नीने माझी पिशवी धरली आणि बुटाची नाडी पुन्हा बांधायला लावली.

"मी पळणार नाहीये," मी सांगितले. "फक्त चालणार आहे."

"कोण म्हणतंय पळा?" पत्नी म्हणाली. "निघा."

मी निघालो. रस्ता मोकळा होता, ती मुलगी म्हणाली होती तसा. अडुसष्ट वर्षांचा मनुष्य, डावा गुडघा तक्रारखोर, हातात ना बाटली ना वही. आयुष्यात प्रथमच मी या रस्त्यावर सायकल, टेप वा चाक न घेता, आणि पुढे कोणाची पाठ नसताना, चालत होतो. फाटकाला हात लावला. गंजाचा खवला बोटाला लागला. दादाने कधीतरी सरावात इथवर येऊन हेच फाटक शिवले असेल का? माझ्या सायकलीच्या आठवणीत ते नाही. मी खांबाशीच थांबून घड्याळ पाहत असे. मी वळलो. परत येताना दोन्ही बायका खांबाखाली इतक्या गंभीरपणे उभ्या दिसल्या की मला नकळत पावले उचलावी लागली.

वहिनींनी बटण दाबले. "पाच मिनिटं दोन सेकंद."

दादाची वही त्यांनी सोबत आणली होती. खांबाला टेकवून त्यांनी छत्तीस पंधरामध्ये पाच मिनिटे दोन सेकंद मिळवले आणि 'टेप एकपासून' या ओळीच्या खाली लिहिले: '४१:१७. दोघे मिळून. दहा किलोमीटर पूर्ण.'

मी वाकून आकडा तपासला. बेरीज बरोबर होती. पण मोजमापाच्या माणसाला राहवत नाही.

"वहिनी, मी निघालो तेव्हा तुम्ही चष्मा पुसत होतात. बटण उशिरा दाबलं गेलं. दोन सेकंद तरी वाढवायला हवेत."

वहिनींनी वही मिटली आणि पदराने तिचा पुठ्ठा पुसला.

"राहू दे," त्या म्हणाल्या.